तिसऱ्या क्रमांकावरच्या उमेदवाराने फेरमोजणी मागावी का?

सड्यावरचा (मूळ प्रश्न)

नमस्कार. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दक्षिण कोकणातील एका मतदारसंघात मी एका अपक्ष उमेदवाराचा मतमोजणी प्रतिनिधी होतो. आमचे उमेदवार तिसरे आले, अनामत रक्कमही वाचली नाही, आणि निवडून आलेल्या उमेदवाराच्या विजयाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तरीही त्या दिवशी टेबलावर जे घडले त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही, म्हणून तो प्रश्न जाणकारांसमोर मांडतो आहे.

मतमोजणीच्या सभागृहात कर्मचारी आणि प्रतिनिधी यांच्यामध्ये तारेची जाळी असते. पर्यवेक्षक मतदान यंत्राचे कंट्रोल युनिट, म्हणजे मते साठवणारा भाग, उचलून जाळीजवळ धरतात, मोहोर आणि क्रमांक दाखवतात, मग निकालाचे बटण दाबतात आणि पडद्यावर एकेका उमेदवाराचे आकडे येऊ लागतात. खाडीपलीकडच्या एका केंद्राचे यंत्र आमच्या टेबलावर आले, तेव्हा पडद्यावरची एकूण मते आणि आमच्या माणसाला मतदानाच्या संध्याकाळी केंद्राध्यक्षांनी सही करून दिलेल्या १७-सी नमुन्यातली, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबातली, एकूण मते जुळेनात. यंत्रात मते जास्त होती. मी हरकत घेतली, यंत्र बाजूला ठेवले गेले आणि पुढची फेरी सुरू झाली. शेवटी चौकशी केली तेव्हा त्या यंत्राने निकालात फरक पडत नाही, एवढेच तोंडी उत्तर मिळाले. लेखी अर्ज देऊ का, असे आमच्या उमेदवारांनी विचारल्यावर तिथल्या एका अधिकाऱ्यांनी सौम्य शब्दांतच सांगितले, "तुम्ही तिसरे आहात. फेरमोजणी झाली तरी तुमच्या पदरात काय पडणार?" आमचे उमेदवार मुकाट्याने घरी आले.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. जो निवडून येण्याची सुतराम शक्यता नाही, अशा उमेदवाराला फेरमोजणी मागण्याचा कायद्याने हक्क आहे का? आणि हक्क असला, तरी तो वापरणे उचित आहे का? अमेरिकेत २००४ आणि २०१६ मध्ये लहान पक्षांच्या उमेदवारांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फेरमोजणी मागितली होती, असे वाचनात आले. त्यातून काय निष्पन्न झाले, हे कोणी नीट सांगू शकेल तर बरे होईल.

---

रत्नागिरीचा वकील

हक्काबद्दल आधी सांगतो, कारण त्यात कोणतीही संदिग्धता नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ६३ नुसार, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी प्रत्येक उमेदवाराची एकूण मते जाहीर केल्यानंतर कोणताही उमेदवार, आणि तो हजर नसेल तर त्याचा निवडणूक प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधी, संपूर्ण किंवा अंशतः फेरमोजणीसाठी लेखी अर्ज करू शकतो. अर्जात कारणे द्यावी लागतात. नियमात 'पराभूत', 'दुसरा' किंवा 'थोडक्यात हरलेला' असा एकही शब्द नाही. म्हणजे तुमच्या उमेदवारांना हक्क होताच, आणि ते त्या क्षणी सभागृहाबाहेर असते तर तो तुम्हालाही होता.

अधिकारी अर्ज पूर्णतः मान्य करू शकतात, काही टेबलांपुरता मान्य करू शकतात, किंवा तो क्षुल्लक वा अवाजवी वाटल्यास फेटाळू शकतात. मात्र निर्णय लेखी आणि कारणांसहितच द्यावा लागतो. 'पदरात काय पडणार' हे तोंडी वाक्य म्हणजे निर्णय नव्हे, कारण निर्णय व्हायला समोर अर्जच नव्हता. इथे तुमच्या बाजूने संधी हुकली. निकालपत्रकावर, म्हणजे नमुना २० वर, अंतिम सही झाली की फेरमोजणीचा अर्ज स्वीकारता येत नाही. त्या सहीपूर्वी उपस्थित उमेदवारांना अर्ज करण्याची वाजवी संधी द्यावी, असे बंधन त्याच नियमात अधिकाऱ्यांवर घातलेले आहे. व्यवहारात आकडे जाहीर झाल्यावर मिनिट-दोन मिनिटांचा विराम मिळतो. बाहेर ताशे वाजत असतात, विजयी उमेदवाराचे लोक दाराशी जमलेले असतात, आणि त्या गोंगाटात ज्याच्या हातात लिहून ठेवलेला कागद असतो त्याचाच अर्ज टेबलावर पोचतो.

उचित-अनुचिताबद्दल इतर मंडळींचे म्हणणे ऐकून मग लिहितो.

---

निवृत्त केंद्राध्यक्ष, राजापूर

मी शिक्षक होतो आणि निवडणुकीच्या कामावर केंद्राध्यक्ष म्हणून अनेकदा गेलो आहे. आपण वर्णन केलेला प्रकार कशामुळे झाला असावा, याचा अंदाज मी देऊ शकतो.

मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, म्हणजे सकाळी साडेपाचला, प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यावे लागते. किमान ५० मते टाकायची, यंत्राचा निकाल आणि व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे प्रत्येक मताची चिठ्ठी छापणाऱ्या जोडयंत्रातल्या, चिठ्ठ्या ताडून पाहायच्या, त्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात मोहोरबंद करायच्या आणि नंतर यंत्रातली ही लटकी मते 'क्लिअर' बटण दाबून पुसून टाकायची. खाडीपलीकडच्या केंद्रावर आदल्या दिवशी दुपारी होडीने साहित्य न्यायचे, शाळेच्या वर्गात सतरंजीवर रात्र काढायची आणि पहाटे चारला उठून कंदिलासारख्या पिवळ्या उजेडात टॅगचे क्रमांक लिहायचे, अशा घाईत हे शेवटचे बटण दाबायचे राहून जाऊ शकते. तसे राहिले तर अभिरूप मतदानाची मते खऱ्या मतांत मिसळतात आणि यंत्राची बेरीज १७-सी पेक्षा जास्त भरते. आपल्या टेबलावर यंत्रात मते 'जास्त' होती, यावरून मला हेच कारण संभवनीय वाटते. फरक साधारण पन्नासच्या आसपास होता का, हे आपल्या टिपणात पाहावे.

अशा यंत्रासाठी आयोगाची सूचना ठरलेली आहे. ते बाजूला ठेवायचे, बाकीची सर्व मोजणी पुरी करायची आणि पहिल्या दोन उमेदवारांतील अंतर अशा बाजूला ठेवलेल्या केंद्रांवरील एकूण मतांपेक्षा जास्त असेल तर ती केंद्रे न मोजताच निकाल जाहीर करायचा. अंतर कमी असेल तर त्या केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजायच्या. तेव्हा 'निकालात फरक पडत नाही' हे उत्तर नियमाला धरूनच असावे.

पण ते उत्तर मला अपुरे वाटते, आणि का ते सांगतो. त्या केंद्रावर ज्यांनी मतदान केले, त्यांचे मत अशा वेळी कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. विजयी उमेदवाराच्या नाही, दुसऱ्याच्या नाही आणि आपल्या उमेदवाराच्याही नाही. मतदानासाठी मुंबईहून रात्रभर गाडीत बसून आलेला चाकरमानी त्या वाडीत असतो, काठी टेकत आलेली म्हातारी असते. जागा कोणाला मिळाली, हे त्यांच्या मतावाचून ठरले असेल, पण त्यांनी मत दिले होते. पहिल्या दोघांना ते मोजून घेण्याची गरज उरलेली नसते. गरज असलीच तर ती तिसऱ्याला, चौथ्याला आणि त्या वाडीला असते. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर नमुना २० केंद्रनिहाय उपलब्ध असतो. त्या केंद्राची ओळ आपण एकदा उघडून पाहावी, म्हणजे काय केले गेले हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

---

कोलंबसकर मालवणी

मी मूळचा मालवणचा, गेली बरीच वर्षे ओहायो राज्यात कोलंबसला राहतो. अमेरिकेतल्या दोन्ही प्रसंगांबद्दल विचारले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२००४ मध्ये जॉर्ज बुश आणि जॉन केरी यांच्यात ओहायो हे निर्णायक राज्य ठरले. अधिकृत निकालात बुश १,१८,७७५ मतांनी पुढे होते. केरी यांनी पराभव मान्य केला होता आणि फेरमोजणी मागितली नाही. ती मागितली ग्रीन पक्षाचे डेव्हिड कॉब आणि लिबर्टेरियन पक्षाचे मायकेल बॅडनॅरिक यांनी. एक डावीकडचा, दुसरा उजवीकडचा, दोघांची मते नगण्य. ओहायोच्या कायद्यात तेव्हा कोणत्याही उमेदवाराला केंद्रामागे १० डॉलर भरून फेरमोजणी मागता येत असे. राज्यभरासाठी ती रक्कम १,१३,६०० डॉलर झाली आणि ती लोकांकडून वर्गणीतून उभी राहिली. फेरमोजणीनंतर बुश यांचे मताधिक्य १,१८,४५७ झाले. म्हणजे एका संबंध राज्यात फरक पडला तो सुमारे तीनशे मतांचा. 'पदरात काय पडले' असा हिशेब लावला तर काहीच नाही.

परंतु त्या फेरमोजणीतून एक गोष्ट बाहेर आली, जी एरवी कधीच बाहेर आली नसती. नियम असा होता की प्रत्येक कौंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, ३ टक्के मते यादृच्छिक पद्धतीने निवडून हाताने मोजायची. ती यंत्राच्या मोजणीशी जुळली तर बाकीची यंत्रानेच मोजायची, न जुळली तर सगळीच हाताने. क्लीव्हलंड शहर ज्या कायाहोगा कौंटीत आहे, तिथल्या निवडणूक कर्मचाऱ्यांनी सगळी मते हाताने मोजण्याचे काम टळावे म्हणून जुळणारी केंद्रे आधीच खाजगीत मोजून निवडून ठेवली आणि निरीक्षकांसमोर ती यादृच्छिक निवड म्हणून मांडली. यात दोन कर्मचारी २००७ मध्ये दोषी ठरले आणि त्यांना प्रत्येकी १८ महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. त्यांनी कोणा उमेदवाराच्या बाजूने मते फिरवली, असा आरोप नव्हता. त्यांनी तपासणीच पोकळ केली होती. माझ्या मते हे अधिक गंभीर आहे, कारण पुढच्या वेळी खरोखर मते फिरली असती तरी ती याच पोकळ तपासणीतून निसटून गेली असती.

याच्या उलट बाजूचीही नोंद केली पाहिजे. त्या निवडणुकीतली आमच्याकडची मोठी तक्रार मोजणीबद्दल नव्हतीच. कोलंबसच्या शहरी वस्त्यांत यंत्रे कमी पडली, लोक तासन्‌तास पावसात रांगेत उभे राहिले आणि कित्येक जण मत न देताच परतले. फेरमोजणी फक्त पडलेल्या मतांची होते. न पडलेले मत कितीही वेळा मोजले तरी सापडत नाही. कोकणात मतदारयादीतून नाव गळाल्यामुळे परत गेलेल्या माणसाचेही दुःख फेरमोजणीने भरून येणार नाही. त्यासाठी वेगळ्या मार्गाने आणि वेगळ्या वेळी झगडावे लागते.

२०१६ मध्ये ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांनी विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत फेरमोजणी मागितली. विस्कॉन्सिनमध्ये त्यांना सुमारे ३५ लाख डॉलर भरावे लागले आणि सगळी मते पुन्हा मोजली गेली. ट्रम्प यांचे सुमारे २२ हजारांचे मताधिक्य १३१ मतांनी वाढले. पेनसिल्व्हेनियात न्यायालयाने मागणी फेटाळली. मिशिगनमध्ये मोजणी सुरू होऊन मध्येच थांबली, आणि तिथे जे कारण दिले गेले ते तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. फेरमोजणीने निकाल बदलून जिंकण्याची काहीही शक्यता नसलेल्या उमेदवाराला 'पीडित' म्हणता येत नाही, असे तिथल्या राज्य न्यायालयाने ठरवले. विस्कॉन्सिनने पुढच्याच वर्षी कायदा बदलला. आता तिथे विजेत्यापासून १ टक्का मतांच्या आत असलेल्या उमेदवारालाच फेरमोजणी मागता येते. म्हणजे तिसऱ्याला ते दार जवळजवळ बंद झाले.

---

दापोलीकर

वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही, म्हणून माझा विरोध नोंदवतो.

विस्कॉन्सिनने दार बंद केले ते योग्यच केले. अठरा-वीस उमेदवार उभे असतात, त्यातले निम्मे कोणाची तरी मते खाण्यासाठी उभे केलेले असतात, हे कोकणात शेंबडे पोरही जाणते. अशा प्रत्येकाने शेवटच्या क्षणी कागद पुढे केला तर निकाल कधी लागायचा? मोजणीचे कर्मचारी पहाटेपासून बसलेले असतात. बाहेर दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते तापलेले असतात. निकाल लांबला की अफवा उठतात, आणि अफवेला हात-पाय फुटायला वेळ लागत नाही. तिसऱ्याच्या मागणीआड दुसराच लपलेला असतो, असेही घडते. स्वतः मागितली तर रडीचा डाव दिसतो, म्हणून कोणाला तरी पुढे करायचे.

शिवाय विश्वासाचा प्रश्न आहे. प्रत्येक निवडणुकीनंतर मोजणीवर संशय घेतला जाऊ लागला, तर ज्या लोकांनी शांतपणे मतदान केले त्यांचाही विश्वास उडतो. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी गावाने मतपत्रिकेवर स्वतःच पुन्हा मतदान घेऊन पाहण्याचे ठरवले, प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि शेवटी ते मतदान झाले नाही. गावकऱ्यांचा हेतू प्रामाणिक असेलही, पण अशा वाटेने कोणाचेच समाधान होत नाही. ओहायोत तीनशे मते, विस्कॉन्सिनमध्ये १३१ मते, एवढ्यासाठी केवढा खटाटोप!

---

रेवदंड्याची

दापोलीकर, तुमची काळजी मला समजते, पण मारकडवाडीचे उदाहरण तुमच्या मताच्या उलट बाजूला जाते. नियमाने जी वाट दिली आहे ती वापरता येत नाही किंवा वापरून उत्तर मिळत नाही, असे वाटले की माणसे नियमाबाहेरची वाट काढतात. टेबलावरच लेखी प्रश्न, लेखी उत्तर आणि गरज असेल तिथे एका केंद्राची मोजणी एवढे झाले असते, तर अफवेला जागाच उरली नसती.

तिसरा म्हणजे नगण्य, हे तर आमच्या रायगडात कोणी म्हणू नये. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला ९ हजारांहून अधिक मते पडली. लहान उमेदवाराच्या रकान्यातली मते निकाल फिरवू शकतात, हे आम्ही तेव्हा डोळ्यांनी पाहिले. म्हणून त्या रकान्यातली बेरीजही तितक्याच काळजीने तपासली गेली पाहिजे, मग तो उमेदवार कोणत्याही हेतूने उभा असो.

आणि फरक किती बारीक असू शकतो? २०२४ मध्ये मुंबई उत्तर पश्चिम लोकसभा मतदारसंघात रवींद्र वायकर अमोल कीर्तिकर यांच्यापेक्षा केवळ ४८ मतांनी पुढे राहिले. यंत्रांच्या मोजणीत कीर्तिकर एका मताने पुढे होते आणि टपाली मतांनी चित्र बदलले. उच्च न्यायालयाने कीर्तिकर यांची याचिका पुढे फेटाळली, तो निकाल मान्यच आहे. पण अशा ठिकाणी एखाद्या लहान उमेदवाराच्या प्रतिनिधीने एका केंद्राचा १७-सी जुळत नसल्याचे दाखवले असते, तर तो तिसरा आहे की तेरावा, हे कोणी विचारले असते का?

मागणी कोणाच्या सांगण्यावरून आली, यापेक्षा तिच्या मागे कागद आहे की नाही, हे पाहावे. कागद असेल तर ऐकावे, नसेल तर फेटाळावे. नियमाने अधिकाऱ्यांच्या हाती नेमके तेवढेच दिले आहे.

---

रत्नागिरीचा वकील

रेवदंड्याच्या ताईंनी मुद्द्यावर बोट ठेवले आहे. न्यायालयांची भूमिकाही याच धर्तीची आहे. १९६४ मधल्या राम सेवक यादव यांच्या प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आले आहे की मतांची पुन्हा तपासणी मागितली म्हणून मिळत नाही. मतदानाची गुप्तता जपायची असते, म्हणून ठोस तथ्ये मांडावी लागतात आणि त्यांना प्रथमदर्शनी आधार असावा लागतो. कमी मताधिक्य हे एकटे कारण पुरत नाही. पण ही कसोटी मागणीच्या आधाराची आहे, मागणाऱ्याच्या क्रमांकाची नाही.

आपला कायदा मिशिगनपेक्षा उदार आहे, हे इथे आवर्जून नमूद करतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८१ प्रमाणे निवडणूक याचिका कोणताही उमेदवारच काय, त्या मतदारसंघातला कोणताही मतदार दाखल करू शकतो. मुदत निकालापासून ४५ दिवसांची, आणि सुरक्षा ठेव २,००० रुपये. कायदा करणाऱ्यांनी निकालाची शुद्धता ही केवळ पहिल्या दोघांची खाजगी बाब मानली नाही, हे यावरून स्पष्ट दिसते. अर्थात याचिकेत निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाल्याचे दाखवावे लागते, आणि मोठ्या मताधिक्याच्या ठिकाणी एका केंद्राच्या आधारावर ते जमणार नाही. आपल्या प्रकरणात याचिकेची वाट नव्हतीच. होती ती टेबलावरच्या अर्जाची.

आणखी एक तरतूद तिसऱ्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना एक अधिकार दिला. निकालानंतर ७ दिवसांत लेखी मागणी केल्यास प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे आतल्या नियंत्रक चिपची, तपासणी निर्मात्या कंपनीच्या अभियंत्यांकडून करून घेता येते. खर्च उमेदवाराचा, आणि छेडछाड सिद्ध झाल्यास तो परत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर हा खर्च यंत्रांच्या एका संचामागे करासह ४७,२०० रुपये ठरवला गेला. आमच्या बाजूच्या मच्छीमाराला किंवा बागायतदाराला हा आकडा झेपणारा नाही, ही या तरतुदीतली मोठी उणीव आहे. पण न्यायालयाने 'तिसरा' हा शब्द हेतुपुरस्सर लिहिला, याची दखल घ्यावी.

विलंबाबद्दलही लिहितो, कारण टेबलावरची संधी का सोडू नये, हे त्यावरून कळते. हरियाणात पानिपत जिल्ह्यातील बुआना लाखू गावची सरपंचपदाची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. एका केंद्रावर दोन उमेदवारांचे आकडे अदलाबदल होऊन नोंदले गेल्यावरून वाद पेटला. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यंत्रे दिल्लीला मागवून स्वतःच्या आवारात फेरमोजणी करून घेतली, तेव्हा पराभूत ठरवलेला उमेदवार ५१ मतांनी विजयी निघाला. पाच वर्षांच्या मुदतीतला निम्म्याहून अधिक काळ तोवर निघून गेला होता. एका केंद्राची नोंद त्याच दिवशी नीट तपासून लिहिली गेली असती, तर दिल्लीपर्यंत जाण्याची वेळच आली नसती.

---

दापोलीकर

कागद असेल तर ऐकावे, हे मी मान्य करतो. माझा विरोध कागदाशिवाय केलेल्या मागणीला आहे आणि तो कायम आहे. मात्र सड्यावरच्या यांच्या उमेदवारांकडे १७-सी ची सहीची प्रत होती, त्यामुळे त्यांनी अर्ज करायला हवा होता, असे आता मलाही वाटते.

---

सड्यावरचा

सर्वांचे मनापासून आभार. केंद्राध्यक्ष गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे माझे टिपण पाहिले. फरक बरोबर ५० चा होता, त्यामुळे अभिरूप मतदानाची मते पुसायची राहिली असावीत, हे मला पटले. संकेतस्थळावरचा नमुना २० ही उघडून पाहिला. त्या केंद्राच्या ओळीत आमच्याच नव्हे, तर सर्वच उमेदवारांपुढे शून्य आहे. आमच्या उमेदवारांच्या घरचीच वाडी त्या केंद्राला जोडलेली आहे. कोणी लबाडी केली, असे मी म्हणत नाही. पण त्या वाडीतल्या माणसांना हे कोणीही कळवलेले नाही, आणि ते कळवायला हवे, असे मला तीव्रतेने वाटते.

आता पुढच्या निवडणुकीत काय तयारी ठेवावी, एवढे सांगावे. गावातली पोरे प्रतिनिधी म्हणून बसायला तयार आहेत.

---

निवृत्त केंद्राध्यक्ष, राजापूर

सगळी तयारी मतदानाच्या दिवशीच करायची असते, मोजणीच्या दिवशी ती करून भागत नाही.

पहाटेच्या अभिरूप मतदानाला आपला प्रतिनिधी हजर असलाच पाहिजे. लहान उमेदवारांचे प्रतिनिधी बहुधा सातनंतर उगवतात, आणि यंत्र पुसले गेले की नाही हे पाहणारे डोळे तिथेच कमी पडतात. पुसल्यानंतर केंद्राध्यक्षांना 'टोटल' बटण दाबून शून्य दाखवायला सांगावे. कोणीही केंद्राध्यक्ष त्याला नकार देणार नाही, उलट त्याचीच चूक टळते. मी स्वतः त्या खुर्चीत बसलेलो आहे, म्हणून खात्रीने सांगतो की अशा वेळी नम्रपणे विचारणारा प्रतिनिधी आम्हाला हवाच असतो. त्यानंतर हिरव्या कागदी सीलचा आणि टॅगचा क्रमांक वहीत लिहून घ्यावा. संध्याकाळी १७-सी ची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. होडीची वेळ झाली, शेवटची एसटी चुकेल, म्हणून पोरे निघून जातात, आणि त्या एका प्रतीअभावी पुढे हरकत घेता येत नाही. दर दोन-तीन तासांनी किती मते पडली याचा आकडा विचारून टिपत गेल्यास संध्याकाळच्या बेरजेला आधार मिळतो.

मोजणीच्या दिवशी केंद्राच्या क्रमांकानुसार लावलेल्या या प्रती आणि कोरा अर्ज घेऊन बसावे. अर्जात मतदारसंघ, केंद्राचा क्रमांक, यंत्राचा क्रमांक, १७-सी तली बेरीज आणि पडद्यावरची बेरीज यांसाठी जागा मोकळ्या सोडाव्यात, म्हणजे घाईत फक्त आकडे भरायचे उरतात. संपूर्ण मतदारसंघाची फेरमोजणी मागू नये, तशी मागणी सहज फेटाळली जाते. ज्या केंद्रावर शंका आहे त्याच केंद्राच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजाव्यात, असे नियम ५६-डी चा उल्लेख करून लिहावे. चिठ्ठ्यांची संख्या आणि यंत्राची संख्या यांत तफावत आली, तर त्याच नियमाप्रमाणे चिठ्ठ्यांची संख्या ग्राह्य धरली जाते. अर्ज दोन प्रतींत करून एका प्रतीवर पोच घ्यावी आणि निर्णय लेखी मागावा. नकार आला, तरी तो कारणांसह कागदावर येऊ द्यावा.

वाडीला कळवण्याचे काम मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबवू नका. नमुना २० ची त्या पानाची प्रत काढून जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे अर्ज करा आणि त्या केंद्राची मते का मोजली गेली नाहीत, याचे लेखी कारण मागा. अर्जावर उमेदवारांची सही घ्या, आणि वाडीतल्या ज्या मतदारांची इच्छा असेल त्यांच्याही घ्या. मसुदा लागला तर मी लिहून देतो.